फ्लॅटच्या पोटातली ठेव

‘रेरा नंबर यायचाय, तोवर इन्व्हेस्टर रेट चालू आहे.’ मोशी-चऱ्होलीपासून पनवेलच्या पलीकडपर्यंत एजंटांच्या तोंडी हे वाक्य सहज ऐकू येते. पुढचे बोलणेही ठरलेले. फ्लॅटचे सगळे पैसे आत्ताच द्या. दोन वर्षांनी बिल्डरच तो वाढीव भावाने परत घेईल, नाहीतर महिना दीड टक्का घेत राहा. हातात पडते काय? लेटरहेडवरचे अलॉटमेंट लेटर, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला करार आणि पुढच्या तारखांचे चेक. कुणाची ग्रॅच्युइटी, कुणाचे गावाकडची जमीन विकून आलेले पैसे या कागदांवर जातात आणि देणाऱ्याला वाटते, आपण फ्लॅट घेतला. त्याने फ्लॅट घेतलेला नाही. त्याने बिल्डरला विनातारण कर्ज दिले आहे.

हा शब्दांचा खेळ वाटत असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२५ मधला निकाल वाचावा. दिवाळखोरी संहितेत २०१८ साली दुरुस्ती होऊन घर घेणाऱ्यांना वित्तीय धनको मानले गेले. बुडत्या बिल्डरला न्यायाधिकरणात खेचण्याचे हत्यार त्यांना मिळाले. आता न्यायालयाने त्यात रेघ ओढली आहे. राहण्यासाठी घर घेणारा वेगळा आणि बायबॅक किंवा हमखास परताव्याच्या अटीवर पैसे लावणारा वेगळा. दुसऱ्याला ते हत्यार उपसता येणार नाही. रेरा, ग्राहक आयोग, दिवाणी कोर्ट हे रस्ते त्याला उरतात. ते किती लांबचे आहेत, हे त्यावरून चाललेल्यांना विचारावे. आमच्या मते निकाल योग्यच आहे. पण ज्या कलमाच्या भरवशावर गुंतवणूकदार निर्धास्त होता, त्याच कलमाने त्याचा हात रिकामा केला, हे त्याला कुणी सांगितलेले नाही.

मुळात हा फ्लॅट मध्ये येतोच कशाला? बिल्डरला पैसे हवेत, तुम्हाला व्याज हवे. सरळ ठेव म्हणून घेतले तर अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा आडवा येतो. जागेच्या किमतीत वळती होणारी आगाऊ रक्कम मात्र त्या कायद्याने ठेवीतून वगळली आहे. म्हणून ठेवीला फ्लॅटचे पांघरूण घालायचे. घेणाऱ्याला तिथे राहायचे नाही, देणाऱ्याला ताबा द्यायचा नाही. तरी करारात हॉल-किचनचे चौरस फूट दशांशापर्यंत लिहिलेले! बिल्डर डीएसके यांच्या प्रकरणात ठेवी निदान ठेवी म्हणून घेतल्या होत्या. म्हणून ठेवीदार संरक्षण कायदा लावता आला. फ्लॅटच्या पोटातली ठेव शोधायला आधी पोट फाडावे लागते.

बिल्डरची अडचण खोटी नाही. घरप्रकल्पासाठी जमीन विकत घ्यायला बँकांनी त्याला कर्ज देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे वर्षानुवर्षांचे धोरण आहे. मग जमिनीचा पैसा खासगीतूनच येणार. तो येण्यात पापही नाही. मोठे फंड असा पैसा देतात, पण आधी जमीन गहाण लिहून घेतात, विक्रीतून येणारा पैसा कुठल्या खात्यात जाईल हेही ठरवून घेतात. कंपनी मोडीत निघाली की तारण असलेले पुढच्या रांगेत आणि चेकांची चळत घेऊन आलेला निवृत्त शिक्षक त्यांच्या मागे उभा राहतो. मोठ्यांनी जी जोखीम तारणाशिवाय घेतली नाही, ती छोट्यांच्या गळ्यात दीड टक्क्याने मारली जात आहे.

‘ताब्यापर्यंत ईएमआय नाही’ ही याच घराण्यातली दुसरी योजना. कर्ज तुमच्या नावावर, पैसे बिल्डरच्या खात्यात, हप्ते तो भरणार. त्याने थांबवले की बँक तुमच्या दारात. बांधकामाच्या टप्प्यांनुसारच कर्ज द्या, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बजावले होते. राष्ट्रीय आवास बँकेने २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितले. तरी दिल्लीच्या परिसरात हजारो कुटुंबे त्यात अडकली आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बँका व बिल्डरांच्या संगनमताचा तपास सीबीआयकडे द्यावा लागला.

कायद्यात कमतरता आहे म्हणावे, तर तसेही नाही. रेरा नोंदणीआधी जाहिरात आणि बुकिंग दोन्ही बेकायदा आहेत. दंड प्रकल्प खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत. नोंदणीकृत कराराशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. महाराष्ट्राच्या नियमांत जोत्यापर्यंतची मर्यादा ४५ टक्के. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्याला मान्य नाही. म्हणजे पाया खणण्याआधी पूर्ण किंमत वसूल झाल्याचे कुठलेही कागदपत्र हाच कायदा मोडल्याचा पुरावा आहे.

त्यासाठी तक्रारीची वाट कशाला पाहायची? इन्व्हेस्टर रेटचे सगळेच व्यवहार नोटरीवर होत नाहीत. बडे गुंतवणूकदार सुरक्षिततेसाठी करार रीतसर नोंदवून घेतात: एकाच इमारतीतले दहा-बारा फ्लॅट, एकच नाव, बाजारभावापेक्षा कमी दर आणि सगळी रक्कम मिळाल्याची कबुली. महारेराने आणि आर्थिक गुन्हे शाखेने नोंदणी खात्याकडून असे करार काढून घ्यावेत आणि तिथून मागे जात छोट्यांच्या चिठ्ठ्यांपर्यंत पोचावे. माहिती त्या खात्याच्या संगणकात आहे. त्यावरचे मुद्रांक शुल्क सरकारने वेळच्या वेळी वसूलही केले आहे.