खेळ संपल्यावर

तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याकडे किंवा भोरच्या घाटवाटांकडे पाहिलें, तर चढ-उतार तुडवीत शाळा गांठणाऱ्या मुली दृष्टीस पडतात. धावणें त्यांच्या अंगवळणीं पडलेलें असतें. परंतु दहावीचें वर्ष आलें कीं मैदान सुटतें. आणि आपल्या सुशिक्षित घरांत तर तें सर्वांआधीं सुटतें. वडील मंडळींचा प्रश्न ठरलेला : "चार दिवस खेळेल, पुढें काय?" प्रश्न रास्त आहे. तो ज्यांना लागू पडतो अशा एका भगिनीचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

सातारा जिल्ह्यांतील माण तालुका अवर्षणाबद्दल प्रसिद्ध. तेथील मोही गांवीं, शेतकरी कुटुंबांत, १९८९ सालीं ललिताबाई बाबर ह्यांचा जन्म झाला. मुंबईच्या मॅरेथॉनमध्यें २०१२ पासून सलग तीन वर्षें भारतीय स्त्रियांत त्या पहिल्या आल्या. तेथेंच थांबत्या, तरी नांव राहतें. पण २०१४ सालीं, पंचविशीच्या उंबरठ्यावर, त्यांनीं स्टीपलचेस ही निराळीच शर्यत पत्करली : तीन हजार मीटर अंतर, वाटेंत २८ अडथळे आणि ७ वेळां पाण्यावरून उडी. स्त्रियांसाठीं ही शर्यत ऑलिंपिकमध्यें आली तीच मुळीं २००८ सालीं. ललिताबाईंनीं २०१४ सालींच इंचॉन येथें आशियाई खेळांत कांस्यपदक मिळविलें, २०१५ सालीं वूहान येथें आशियाई सुवर्णपदक घेतलें, आणि २०१६ सालीं रिओ येथें ९ मिनिटें १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम करून ऑलिंपिकची अंतिम फेरी गांठली. धावण्याच्या वैयक्तिक शर्यतींत भारतीय स्त्रीनें हें साधलें तें १९८४ च्या पी. टी. उषा ह्यांच्यानंतर ३२ वर्षांनीं. अंतिम फेरींत त्या दहाव्या आल्या.

आतां "पुढें काय?" ललिताबाईंची नेमणूक महाराष्ट्र शासनानें उपजिल्हाधिकारी पदावर केली. दुसरें उदाहरण त्याच रिओ नगरीचें. चीनच्या लांग पिंग ह्यांनीं १९८४ सालीं व्हॉलीबॉलच्या संघांत खेळून सुवर्णपदक मिळविलें होतें. २०१६ सालीं प्रशिक्षक ह्या नात्यानें त्यांनीं तेंच पदक आपल्या शिष्यांकडून मिळवून घेतलें. एकीस कचेरी मिळाली, दुसरीस गुरुपद.

परंतु एवढ्यावर समाधान मानणें आम्हांस उचित वाटत नाहीं. असें पद लाखांत एकीस लाभतें. विक्रमही टिकत नाहीं. ललिताबाईंचा विक्रम २०२३ सालीं बुडापेस्ट येथें पारुल चौधरी ह्यांनीं मोडला. मग इतरांस काय लाभलें? आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलें. शिकलेल्यांपैकीं शास्त्री किती झाले? बोटांवर मोजण्याइतके. तरी तें शिकणें व्यर्थ गेलें असें कोणी म्हणत नाहीं. त्यानें वाणी आणि बुद्धि घडते हें सर्वांस मान्य आहे. खेळानें शरीर घडतें, हार पचविण्याची शक्ति येते, नव्यानें आरंभ करण्याचें धैर्य येतें. ह्या लाभाची किंमत मात्र आपण नोकरीच्याच मापानें करतों, आणि तीही मुलीच्याच बाबतींत.

कारण संध्याकाळचा तास घरांतील मुलगा मैदानावर घालवितो, तेव्हां "पुढें काय?" असें त्यास कोणी विचारीत नाहीं. मुलीचा तोच तास पोळ्या लाटण्यांत आणि धाकट्यांस सांभाळण्यांत जातो. एकत्र कुटुंबांत हात पुष्कळ असतात. त्यांतील दोन हात रोज तासभर मोकळे ठेवणें घरच्या वडीलधाऱ्यांस अशक्य नाहीं.