गंज उतरविताना

लोखंडाचे आणि पावसाचे सख्य कधीच जमले नाही. सह्याद्रीच्या पाठीशी वसलेल्या बेळगाव-खानापूर भागात मृग लागला, की पुढे तीन-चार महिने हवेतला ओलावा हटत नाही. पावसाळा सरतो, खंडेनवमीला गाडी धुऊन हार घालण्याची वेळ येते आणि मग दाराच्या खालच्या कडेला रंगाचा फुगवटा दृष्टीस पडतो. नखाने टोकरले, तर तांबूस भुगा हाती येतो. त्यातच खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. साहजिकच जुन्या गाडीचा धनी गॅरेजची वाट धरतो. तेथे हल्ली पॉलिश पेपर आणि तारेचा ब्रश यांच्या जोडीला आणखी एक शब्द त्याच्या कानी पडतो : सँडब्लास्टिंग. ‘दोन दिवसांत गाडी आईच्या पोटातून आल्यासारखी स्वच्छ करून देतो,’ असे आश्वासनही मिळते. हे काम काय आहे, ते कोठे योग्य, कोठे अयोग्य आणि त्याची खरी किंमत कोण मोजतो, याचा विचार या महिन्यात करावा असे आम्हांस वाटते.

प्रथम गंजाविषयी. लोखंड, पाणी आणि प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली, की गंज चढू लागतो. मिठाचा अंश असेल तर त्याचा वेग वाढतो. म्हणून आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या घाटाने कोकण-गोव्याकडे नित्य ये-जा करणाऱ्या गाड्यांना तो लवकर गाठतो. अॅल्युमिनियमवर जो पापुद्रा येतो तो आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो, ओलावा धरून ठेवतो आणि खाली खोल जात राहतो. शिवाय मूळ लोखंडापेक्षा तो दुपटीहून अधिक जागा व्यापतो. वरचा रंग फुगतो तो त्यामुळे. अशा फुगवट्यावर पुट्टी भरून वर चकचकीत रंग मारला, तर ‘वरून कीर्तन आतून तमाशा’ ही म्हण गाडीलाही लागू पडते. पुढच्या पावसाळ्यात तीच जागा पुन्हा उसळते.

म्हणजे गंज मुळापासून काढला पाहिजे. पण गंजाने पत्र्यावर टाचणीच्या टोकाएवढे असंख्य खड्डे पाडलेले असतात. तारेचा ब्रश वरवर फिरतो, खड्ड्याच्या तळाशी पोहोचत नाही. ही अडचण फवारा दूर करतो. दाबलेल्या हवेच्या झोताबरोबर कठीण कण वेगाने फेकले जातात आणि प्रत्येक कण एका इवल्या छिन्नीसारखे काम करतो. बेंजामिन टिलमन या अमेरिकन गृहस्थाने १८७० साली या युक्तीचे पेटंट घेतले. या फवाऱ्याने रंग जातो, गंज जातो, खड्डे निर्मळ होतात आणि पृष्ठभाग किंचित खरबरीत झाल्यामुळे प्रायमर त्यावर घट्ट बसतो. एवढे गुण पाहिले म्हणजे या युक्तीचा मोह पडावा यात नवल नाही.

आमच्या भागाला हे काम अगदीच परके नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान घातले. कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर यांचा त्यांचा उद्योग येथेच रुजला आणि १९१० साली किर्लोस्करवाडीस गेला. लोखंडाची ती ओढ मात्र बेळगावात राहिली. आज उद्यमबाग आणि मच्छे येथे, तसेच निपाणीहून कोल्हापूरकडे जाताना गोकुळ शिरगाव आणि शिरोली येथे ओतकामाचे अनेक कारखाने आहेत. ओतलेला नग साच्यातून निघाला, की त्यावर चिकटलेली वाळू आणि कवच काढण्यासाठी त्याला एका बंद पेटीत घालून पोलादी छर्ऱ्यांचा मारा करतात. त्याला शॉट ब्लास्टिंग म्हणतात. छर्रे पेटीतच फिरत राहतात, धूळ नळीवाटे खेचली जाते आणि कामगार पेटीबाहेर उभा असतो.

आता मोटारीचा पत्रा पाहू. ओतीव नग बोट-दोन बोटे जाडीचा असला, तर मोटारीच्या बॉनेटचा पत्रा पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर तोच मारा केला, तर माऱ्याची बाजू सूक्ष्मपणे ठोकली जाऊन ताणते, मागची बाजू तशीच राहते आणि पत्रा पापडासारखा वाकतो. बॉनेट, छत आणि दाराचा मधला भाग अशा मोठ्या, सपाट जागा यात हमखास बिघडतात. एकदा ताणलेला पत्रा पूर्ववत करणे चांगल्या डेंटरलाही जड जाते. म्हणून जाणते कारागीर जाड भागांनाच कडक फवारा देतात : चासी, चाकांच्या लोखंडी डिस्का, स्प्रिंगांचे आधार. पातळ पत्र्यावर फवारा मारायचाच झाला, तर दाब ३०–४० पौंडांपर्यंत उतरवून, नळी तिरपी आणि दूर धरून, हात एका जागी न थांबविता मारावा लागतो. नुसता रंगच काढायचा असेल, तर अक्रोडाच्या कवचाचा किंवा मक्याच्या रित्या कणसाचा भरडाही चालतो. गंज मात्र त्याला दाद देत नाही. बॉनेट-छतासाठी रंग उतरविणारे रसायन आणि हाताची घासणी हाच बरा मार्ग.

दुसरी अडचण यंत्राची. पाव इंची तोंडाच्या नळीला १०० पौंड दाबाने चालविण्यासाठी मिनिटाला सुमारे ८० घनफूट हवा लागते. चाकांत हवा भरणारा गॅरेजमधला कॉम्प्रेसर तिच्या चौथाईलाही पुरत नाही. दाबलेल्या हवेतले पाणी नीट वेगळे केले नाही, तर गंज काढतानाच नव्या गंजाचे बी पेरले जाते.

परंतु हा लेख लिहावासा वाटला तो केवळ पत्र्याच्या काळजीने नव्हे. दहावी होऊन आमच्या शाळेतून बाहेर पडलेला एक मुलगा एका गॅरेजच्या मागच्या आवारात, ताडपत्रीच्या आडोशाला हे काम करताना आम्ही पाहिला. नाकाला ओला रुमाल, डोळ्यांना साधा चष्मा, शेजारी चाळलेल्या वाळूचे पोते. जपून राहण्याविषयी बोललो, तेव्हा तो हसून म्हणाला, “सर, धूळ काय, मळणीलाही असतेच की!”

मळणीची धूळही निरुपद्रवी नव्हे; परंतु वाळूची जात निराळी. वाळूत बहुधा गारगोटीचा, म्हणजे सिलिकाचा अंश असतो. पत्र्यावर आदळून कण फुटला, की डोळ्यांना न दिसणारी पूड होते. तिचे सर्वांत घातक कण केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक असतात. ते रुमालातून सहज पार होतात, फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात आणि तेथे कायमचे व्रण धरतात. हाच सिलिकोसिस. एरवी तो दहा-वीस वर्षांनी डोके वर काढतो. वाळूच्या फवाऱ्यावर काम करणाऱ्याला काही वर्षांतही गाठतो. धाप, खोकला आणि छायाचित्रातले डाग यांवरून कित्येकदा क्षयाचीच औषधे चालू होतात. क्षय बरा होतो, आणि अशा फुप्फुसाला तो जडतोही लवकर. पण सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही. याच सिलिकाच्या पुडीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली माणसाला कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गात घातले.

हे जगाला नव्याने कळलेले नाही. ओतीव नग वाळूच्या फवाऱ्याने साफ करण्यास ब्रिटनने १९४९ च्या नियमांन्वये बंदी घातली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यानेच सिलिकोसिसला सरकारला कळविण्याच्या रोगांच्या यादीत स्थान दिले होते. तुर्कस्तानात जीनच्या विजारींना जुनाट रंगरूप देण्यासाठी कोवळ्या वयाची मुले बंद खोल्यांत वाळूचा फवारा मारीत. त्यांतली कित्येक धाप लागून गेली, तेव्हा २००९ साली त्या देशाने हा प्रकार बंद केला. कापड असो वा पत्रा, वाळू तीच आणि श्वासही तोच. कायदे मोठ्या कारखान्यांना गाठतात. दोन-चार माणसांच्या गॅरेजच्या आवारात ते फिरकत नाहीत. तेथे गिऱ्हाईकाचा शब्दच कायदा.

म्हणून गिऱ्हाइकाने काम देण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. फवाऱ्यात काय घालणार? उत्तर ‘नदीची वाळू’ असे आले, तर तेथून निघावे. गार्नेट, अॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा काचेचा चुरा मिळतो. थोडा महाग पडतो, पण त्यात मोकळ्या सिलिकाचे प्रमाण अत्यल्प असते. काम बंद खोलीत होते काय आणि धूळ खेचण्याची सोय आहे काय? फवारा धरणाऱ्याला बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा टोप आहे काय? कण बदलले तरी हा टोप हवाच, कारण उडते ती गंजाची आणि जुन्या रंगाचीही धूळ, आणि जुन्या रंगात शिसे असू शकते. शेवटचा प्रश्न : प्रायमर केव्हा मारणार? उघडा पत्रा आमच्या हवेत रात्रभरात तांबूस होतो. त्याला उघड्या हाताने स्पर्श न करता, सांदीकोपऱ्यांतले कण झटकून, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर चढला पाहिजे. म्हणूनच हे काम कार्तिकानंतर काढावे, भर पावसात नव्हे.

गंज थोडाच असेल, तर फवाऱ्याची गरजही नाही. आपल्या सह्याद्रीतल्या हिरड्यात टॅनिन असते. लोखंडाशी त्याची गाठ पडली, की काळाभोर थर बनतो. पूर्वी शाई करीत ती याच गुणावर. बाजारात गंजावर लावण्याची जी द्रावणे मिळतात, त्यांतल्या कित्येकांत टॅनिनच असते. सुटा गंज खरवडून असे द्रावण लावावे, वाळल्यावर प्रायमर द्यावा आणि दाराच्या तळाची पाणी निथळणारी छिद्रे काडीने मोकळी ठेवावीत. एवढ्याने पुष्कळ पावसाळे निघतात.

आमच्या शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. दहावीनंतर गॅरेजात आणि ओतशाळेत जाणारी मुले आपल्याच वर्गातून जातात. विज्ञानाच्या तासाला लोखंड गंजण्याचा धडा आपण शिकवितोच. त्याला जोडून वाळूच्या धुळीविषयी पाच मिनिटे बोलावे. परीक्षेत त्याला गुण नाहीत. पण त्या मुलांच्या उपयोगी पडेल असे त्या तासातले कदाचित तेवढेच असेल.