वीस मिनिटांचं काठमांडू

माझं स्पष्ट मत आहे की सहलीहून परतणाऱ्या प्रत्येक माणसाला वेशीवर अडवून विचारावं, "काय पाहिलंत?" आणि उत्तराची सुरुवात जेवणापासून झाली तर त्याला तिथूनच परत पाठवावं.

दुसऱ्या कुणाविषयी मी बोलत नाही. पणदऱ्याहून आम्ही उभयता काठमांडूला जाऊन आलो. दोन दिवस, नऊ 'पॉइंट'. बँकेतला कारकून मी. व्हाउचरवर माराव्यात तशा देवळांवर टिका मारत सुटलो. आपल्या शंभर रुपयांचे तिथे एकशे साठ होतात, हे तोंडपाठ. भक्तपूरचं न्यातपोल देऊळ किती मजली? पाच. घरी आल्यावर फोटोत मोजले.

काठमांडूच्या जुन्या दरबार चौकात काष्ठमंडप आहे. शहराचं नाव त्यावरूनच पडलं. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात हा लाकडी मंडप पार कोसळला. तिथल्या लोकांनी तो जुन्याच पद्धतीनं, लाकडातच पुन्हा उभा केला. 2022 साली तो पुरा झाला. म्हणजे सात वर्षं! आम्ही त्याला वीस मिनिटं दिली. बारा फोटोत गेली. उरलेल्या आठ मिनिटांत आमच्या मंडळींनी सहलीच्या मॅनेजरला घेरलं, "कालच्या आमटीत गूळ का नव्हता?" उसाच्या पट्ट्यातली माणसं आम्ही, आमचंही बरोबरच होतं म्हणा.

हिनं मात्र एका खांबाला हात लावला आणि म्हणाली, "अहो, आपल्या गल्लीतल्या वाड्याचे खांब असेच होते ना?"

होते. एका पावसाळ्यात भिंत खचली, दुसऱ्यात माळवद बसलं, आणि खांब कुणाच्या तरी चुलीत गेले. आता तिथे प्लॉट आहे. त्याच वाड्यावरून मी वर्षानुवर्षं बँकेत गेलो, पण मान कधी वर केली नाही. तिकडे भूकंपानं पाडलेलं माणसं उभं करतात. आपल्याकडे भूकंपाची वाट कोण बघतो? वाटणीचे दोन कागद पुरतात.

म्हणून माझं भांडण सहल काढणाऱ्यांशी नाही. गिऱ्हाईक मागेल ते ते देतात. आपण आमटी मागतो, आमटी मिळते. एखाद्यानं कधी, "या खांबापाशी अजून तासभर थांबू द्या," असं म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मीही म्हटलं नाही.

परवा बँकेत साहेबांनी विचारलं, "काय, कसं काय काठमांडू?"

"जेवण बरं होतं, साहेब," मी म्हणालो.

वेशीवर कुणी अडवलं नाही, हे माझं नशीब.