ग्रुप स्टडीने बायोलॉजीचे मार्क खरंच वाढतात का?

वसई-विरारमधल्या दहावीच्या मुलांचा दिवस शाळा आणि क्लासमध्येच जातो. ग्रुप स्टडी म्हटलं की घरच्यांना वाटतं, टाइमपास! पण विज्ञान भाग 2 मधला 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडाच बघा. एकाने प्रतिलेखन, दुसऱ्याने भाषांतरण, तिसऱ्याने स्थानांतरण शिकायचं आणि बाकीच्यांना समजावायचं. हीच 'जिगसॉ' पद्धत. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन यांनी 1971 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांत ती आणली.

मात्र रॉबर्ट स्लाविन यांचं संशोधन सांगतं, गटातल्या प्रत्येकाचं शिकणं तपासलं तरच फायदा दिसतो. आपल्याकडे प्रोजेक्ट एकजण करतो, नावं पाचजणांची! बोर्डाचा 40 मार्कांचा पेपर मात्र एकट्यालाच सोडवायचाय. त्यामुळे गटात बसलात, तर शेवटी मित्राने शिकवलेला भाग वही बंद करून लिहून बघा.