पलटणीचे बळ कशात?

मराठ्यांची पलटण आहे, महारांची आहे, कुमाऊंची आहे. मग मराठवाड्याच्या नावाची का नसावी, असा प्रश्न नांदेड-लातूरकडील तरुणाच्या मनात आला तर तो अस्वाभाविक नाही. परंतु त्याचे उत्तर याच भूमीच्या इतिहासात आहे.

एकोणिसाव्या शतकात नांदेडशेजारच्या हिंगोलीस आणि लातूरशेजारच्या मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या होत्या. खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रजांचा, असा तो कारभार. १९०३ मध्ये ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. पुढे १९२२ मध्ये तिच्या पायदळ पलटणींतून एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट उभी राहिली, आणि भरती उत्तरेकडे सरकल्यामुळे १९४५ मध्ये तिचे नाव कुमाऊं झाले. नाव गेले, भूमी सुटली, माणसेही बदलली. तरीही पलटण जिवंत राहिली. तिच्याच चौथ्या पलटणीचे मेजर सोमनाथ शर्मा ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाम येथे धारातीर्थी पडले व पहिल्या परमवीरचक्राचे मानकरी ठरले.

हे कसे घडले, याचा उलगडा पायदळाच्या रचनेत होतो. दहाएक जवानांचे सेक्शन, तीन सेक्शनांची प्लॅटून, तीन प्लॅटूनांची कंपनी, आणि चार रायफल कंपन्यांसह सुमारे ८०० जवानांची पलटण. रणांगणावर एका ब्रिगेडमध्ये निरनिराळ्या रेजिमेंटांच्या पलटणी एकत्र येतात. रेजिमेंट हे लढणाऱ्या तुकडीचे नव्हे, तर घराण्याचे नाव होय. आणि ते घराणे टिकते ते जुना हवालदार नव्या रंगरुटास घडवितो म्हणून.

म्हणूनच आमच्या मते खरा प्रश्न नावाचा नसून २०२२ च्या अग्निपथ योजनेचा आहे. चार वर्षांच्या सेवेनंतर फार तर एक चतुर्थांश जवान कायम ठेवावयाचे, असे तिचे मूळ स्वरूप. सैन्य तरुण राहावे हा हेतू गैर नाही, आणि खर्चाचा विचारही कोणत्याही शासनास करावाच लागतो. परंतु नव्याने आलेल्यांपैकी बहुतेकांस लवकरच घरी परतावयाचे असेल, तर शिकविणारा आणि शिकणारा यांचे नाते मुरावयाचे केव्हा? आज रंगरूट टिकला नाही, तर उद्याचा हवालदार कोठून येणार? शासनाने कायम ठेवण्याचे प्रमाण वाढवावे, आणि परतणाऱ्यांच्या उपजीविकेची निश्चित हमी द्यावी.

पहाटेच्या अंधारात भरतीसाठी धावणाऱ्या मराठवाड्यातील तरुणाला पलटणीच्या पाटीवर कोणाचे नाव आहे याची फारशी फिकीर नसते. त्या घरात आपण घरचे की पाहुणे, एवढेच त्याला कळावयास हवे.