फटीतला दुचाकीस्वार आणि शिस्तीचा शहाजोगपणा

महानगरांतील वाहतूक कोंडीची चर्चा निघाली की आरोपी आधीच ठरलेला असतो. मोटारींच्या दोन रांगांमधील हात-दीड हात फटीतून वाट काढणारा दुचाकीस्वार हा तो आरोपी. 'या लोकांना लेनची शिस्त कधी कळणार?' असा प्रश्न मोटारीच्या बंद काचेआडून विचारला जातो, वर्तमानपत्रांतील पत्रलेखक त्याची री ओढतात आणि दंडाची यंत्रणा त्यावर शिक्कामोर्तब करते. दुर्दैव असे, की पुरोगामी म्हणविणारी मंडळीही या बाबतीत एक तर मौन पाळतात किंवा शिस्तीच्या आरतीत टाळ वाजवितात.

प्रश्न जिवाशी निगडित आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरील माणसांचे प्रमाण ४४.५ टक्के, म्हणजे सुमारे पंचाहत्तर हजार होते. हे सारे मृत्यू दोन रांगांमधून जाण्यामुळे झाले, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु रस्त्यावरील अव्यवस्थेची सर्वांत जबर किंमत कोण मोजतो, याविषयी मात्र शंका उरत नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार, लेन आखलेल्या रस्त्यावर वाहन लेनमध्येच चालविले पाहिजे आणि लेन बदलताना तसा इशारा दिला पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १७७-अ प्रमाणे अशा विनियमांच्या भंगासाठी ५०० ते १००० रुपये दंड आहे. नियमबाह्य रीतीने दुसऱ्या वाहनाला ओलांडून जाणे तर कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालन ठरू शकते. परंतु सिग्नलला थांबलेल्या मोटारींमधून पायी चालण्याच्या गतीने पुढे सरकणे आणि धावत्या मोटारींच्या मधून सुसाट गाडी काढणे, या दोन सर्वस्वी भिन्न कृतींत हा कायदा भेद करीत नाही. जो कायदा असा भेद करीत नाही, तो शिपायाच्या मर्जीवर चालतो. आणि मर्जीचा फटका नेहमी दुबळ्यालाच बसतो.

शिस्तीच्या पुजाऱ्यांनी थोडे अंकगणितही करून पाहावे. एका चौकात वीस मोटारी आणि चाळीस दुचाकी थांबल्या आहेत असे समजा. या चाळीस जणांनी उद्या मोटारींच्याच रांगेत निमूटपणे एकामागे एक उभे राहावयाचे ठरविले, तर ती रांग जवळपास दुप्पट लांब होईल. मागचा मोटारमालक आज ज्या सिग्नलमधून सुटतो, त्यातून तो सुटणार नाही. ज्या फटीचा त्याला संताप येतो, त्या फटीनेच त्याचा वेळ वाचविलेला असतो. साडेतीन मीटर रुंदीची लेन अनेकदा एकट्या माणसासाठी अडवून बसणारी मोटार शिस्तबद्ध, आणि उरलेल्या जागेत स्वतःला कसेबसे बसविणारा कामगार बेशिस्त, हा न्याय विलक्षण आहे!

हा न्याय केवळ चौकापुरता मर्यादित नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला, अटल सेतू आणि मुंबईचा किनारी रस्ता २०२४ मध्ये. तिन्ही ठिकाणी दुचाकीला प्रवेश नाही. वेग आणि वारा ही त्याची कारणे सांगितली जातात व ती सर्वस्वी खोटी नाहीत. परंतु सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली नवी जागा मोटारीला मिळाली आणि दुचाकी जुन्या, तुंबलेल्या रस्त्यांवर उरली, हे सत्य त्यामुळे बदलत नाही. दुसरीकडे, बेस्टचा स्वतःच्या मालकीच्या बसगाड्यांचा ताफा आटत गेला. बस येत नाही म्हणून माणूस हप्त्यावर दुचाकी घेतो, आणि तिला जागा नाही म्हणून फटीत शिरतो.

या गर्दीत आता घरपोच माल पोचविणाऱ्या तरुणांची भर पडली आहे. निती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने अशा प्रकारच्या सर्व कंत्राटी, 'गिग' कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख असल्याचा अंदाज दिला होता. माल पोचविणाऱ्याची कमाई बहुधा फेरीमागे ठरते. नगावर मजुरी देणाऱ्या मालकाला मुकादमाची गरज लागत नाही, हे अर्थशास्त्र कापडगिरणीइतके जुने आहे. येथे मुकादमाचे काम घड्याळ करते. 'दहा मिनिटांत घरपोच' अशा जाहिरातींतून कंपनीने वेग विकला, नफा घेतला आणि जोखीम मात्र स्वाराच्या हाडांवर टाकली. त्याचे चलन फाडले जाते तेव्हा ते घड्याळ लावणाऱ्याचे नाव त्यावर नसते.

तथापि, स्वार गरीब आहे म्हणून त्याचे प्रत्येक वर्तन समर्थनीय मानणे, ही आपल्याच काही कार्यकर्त्यांची चूक आहे. मोटारीचे दार अवचित उघडते. बसच्या डाव्या अंगाला चालकाची नजर न पोचणारी जागा असते. पदपथ नसल्याने पादचारी त्याच फटीतून रस्ता ओलांडतो. तो पादचारी तर दुचाकीस्वाराहूनही निराधार असतो. वेगाने फटीत शिरणे हा बंडखोरपणा नव्हे; तो आत्मघात आहे आणि परघातही.

याबाबत अन्यत्रचा अनुभव उपयोगी पडावा. कॅलिफोर्निया राज्याने २०१६ मध्ये कायदा करून दोन रांगांमधून मोटारसायकल नेण्याची व्याख्या केली व तिला मान्यता दिली. त्याआधी, २०१५ साली, बर्कले येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी अपघातांत सापडलेल्या सुमारे सहा हजार मोटारसायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या होत्या. वाहतुकीचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या आत असेल आणि स्वाराचा वेग इतरांपेक्षा सुमारे २४ किलोमीटरहून अधिक नसेल, तर ही कृती तुलनेने सुरक्षित असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. अर्थात, हा अभ्यास अपघात झालेल्यांचा होता. दुखापत किती गंभीर झाली हे त्यातून कळते, अपघात किती वेळा घडतो हे नव्हे. शिवाय तेथील रुंद रस्ते येथे नाहीत. म्हणूनच ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्सचा २०१४ चा नियम अधिक अनुकरणीय वाटतो. तेथे ताशी ३० किलोमीटरच्या आत, पूर्ण परवाना असलेल्या स्वारालाच अशी मुभा मिळाली. पदपथाच्या कडेने जाण्यास आणि शाळेच्या वेळेत शाळेच्या परिसरात असे करण्यास मात्र मनाई राहिली.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. थांबलेल्या वा रेंगाळणाऱ्या वाहतुकीतून मंदगतीने पुढे जाण्यास कायद्याने मर्यादित मान्यता द्यावी. धावत्या वाहतुकीत आणि बस-ट्रकच्या लगत त्यास सक्त मनाई असावी. चौकात मोटारींच्या पुढे दुचाकींसाठी थांबण्याची वेगळी जागा आखावी. फेरीच्या वेळेशी मेहनताना जोडणाऱ्या कंपनीवर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी टाकावी. आणि या सर्वांआधी बसगाड्या वाढवाव्यात, कारण फटीतून जाण्याची गरजच न पडणे हीच खरी सुरक्षितता होय.

पक्षाच्या शाखांनी हा विषय क्षुल्लक समजू नये. पाण्याचे, जमिनीचे, धान्याचे वाटप हा राजकारणाचा विषय आहे हे आपण लोकांना पटवून दिले. रस्त्याचे वाटपही त्याच पंक्तीत बसते. ज्याच्या वाट्याला केवळ फट आली, त्याला शिस्तीचे प्रवचन देण्यापूर्वी उरलेला रस्ता कोणी व्यापला आहे, हे मोजणे समाजवाद्यांचे काम आहे.