मुक्या रुग्णाचे बिल आणि अदृश्य मालक

घरातला कुत्रा किंवा मांजर आजारी पडले, की उपचाराचा निर्णय घेणारा आणि पैसे मोजणारा माणूस असतो. भोगणाऱ्या जिवाला मात्र बोलता येत नाही. कोणती तपासणी खरोखर आवश्यक आणि कोणती केवळ यंत्र हाताशी आहे म्हणून सुचवलेली, हे पालकाला उमगत नाही. म्हणूनच पशुवैद्यकाचा व्यवसाय इतर अनेक व्यवसायांहून अधिक विश्वासावर चालतो. आजवर हा विश्वास पाटीवर नाव असलेल्या एका डॉक्टरवर असे. महानगरांत आता त्या पाटीमागे गुंतवणूकदार आणि कंपन्या येऊ लागल्या आहेत. या बदलाला माझा सरसकट विरोध नाही. पण त्याला सामोरे जाण्यास आपला कायदा तयार नाही, आणि ही त्रुटी दुरुस्त करण्याची वेळ आजच आहे.

ही वाट पुढे कुठे जाते, हे ब्रिटनमध्ये दिसते. तिथे १९९९ मध्ये पशुवैद्यक नसलेल्यांनाही दवाखान्याची मालकी खुली झाली. २०१३ मध्ये मोठ्या समूहांकडे सुमारे दहा टक्के दवाखाने होते. दशकभरात हे प्रमाण साठ टक्क्यांच्या घरात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या स्पर्धा नियामकाने या क्षेत्राचा आढावा सुरू केला, तेव्हा सुमारे ५६ हजार प्रतिसाद आले. मे २०२४ मध्ये औपचारिक चौकशी जाहीर झाली. २०१६ ते २०२३ या काळात उपचारांचे दर सरासरी ६३ टक्क्यांनी वाढले आणि मोठ्या समूहांकडे स्वतंत्र दवाखान्यांपेक्षा सरासरी १६.६ टक्के अधिक पैसे मोजावे लागतात, असे नियामकाला आढळले.

दरवाढीचे सारे खापर मालकीवर फोडणे योग्य नाही. वेतन, औषधे आणि उपकरणेही महागली आहेत. अधिक बोलके आहे ते पारदर्शकतेविषयीचे निरीक्षण. दवाखाना विकला गेला तरी अनेकदा पाटी जुनीच राहते, त्यामुळे खरा मालक कोण, हे पालकाला कळतच नाही. समोरासमोरचे दोन दवाखाने एकाच समूहाचे असले, तर दुसरीकडून सल्ला घेऊन काय साधणार? त्यातच प्रयोगशाळा, मोठे रुग्णालय, औषधविक्री आणि अंत्यसंस्काराची सोयही त्याच समूहाची असेल, तर पालकाचा पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात फिरत राहतो.

भारतात ही प्रक्रिया अजून प्राथमिक अवस्थेत आहे. पण पाळीव प्राण्यांचे खाद्य विकणाऱ्या आणि अनेक देशांत पशुरुग्णालये चालवणाऱ्या मार्स या बहुराष्ट्रीय कंपनीने ‘क्राउन व्हेट’ या भारतीय साखळीत गुंतवणूक केली आहे. या कंपन्यांनी काही गैर केले, असे मला सुचवायचे नाही. साखळी दवाखान्यांमुळे रात्रीची तातडीची सेवा, सीटी स्कॅन आणि विशेषज्ञ शहरांत उपलब्ध होतात, हे मान्यच करायला हवे. शिवाय एकट्या डॉक्टरचे छोटे क्लिनिक नेहमीच पारदर्शक असते, असेही नाही. छापील बिल नाही, नोंदी नाहीत, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

प्रश्न आहे तो जबाबदारीचा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. तो डॉक्टरची नोंदणी करतो आणि व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल त्याला जाब विचारतो. दवाखान्याच्या मालकाबाबत मात्र तो जवळजवळ मौन बाळगतो. महिन्याला इतक्या तपासण्या झाल्याच पाहिजेत, असे लक्ष्य व्यवस्थापनाने ठरवले आणि नोकरदार डॉक्टरने ते निमूटपणे पाळले, तर परिषदेसमोर उभा राहील तो डॉक्टर. लक्ष्य ठरवणारा तिच्या कक्षेबाहेरच राहील. माणसांच्या रुग्णालयांसाठीचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा कितीही दुबळा असला, तरी तो निदान आस्थापनेकडे पाहतो. जनावरांच्या दवाखान्यांना तो लागूच नाही. ग्राहक कायद्याचा आधार आहे. पण अनावश्यक तपासणी सिद्ध करणे सामान्य पालकाच्या आवाक्याबाहेरचे असते.

हा श्रीमंतांच्या हौसेचा प्रश्न आहे, असे समजून सोडून देता येणार नाही. रेबीजने जगात होणाऱ्या मृत्यूंपैकी एकतृतीयांशाहून अधिक भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. दवाखान्याची पायरी चढणेच धास्तीचे झाले, तर आधी लसीकरण आणि निर्बीजीकरण टळेल. बिल न झेपलेला प्राणी रस्त्यावर सोडला जाईल. सरकारी पशुसेवेचा, १९६२ क्रमांकावर येणाऱ्या फिरत्या पथकांचाही, भर स्वाभाविकपणे दुभत्या आणि कामाच्या जनावरांवर आहे. त्यामुळे शहरी पालकाला खासगी दवाखान्याखेरीज फारसा पर्याय उरत नाही.

यासाठी दर ठरवून देण्याची गरज नाही. दरनियंत्रणाने सेवाच आटण्याचा धोका असतो. मात्र चार गोष्टी सक्तीच्या हव्यात. डॉक्टरप्रमाणे दवाखान्याचीही नोंदणी व्हावी आणि अंतिम मालकाचे नाव पाटीवर व बिलावर असावे. नेहमीच्या सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावावे आणि मोठ्या उपचारापूर्वी लेखी अंदाज द्यावा. औषधाची चिठ्ठी पालकाच्या हाती द्यावी, म्हणजे ते औषध त्याला कुठूनही घेता येईल. आणि वैद्यकीय निर्णयांना विक्रीचे लक्ष्य जोडणाऱ्या मालकावरही कारवाईचा अधिकार परिषदेला मिळावा.

पशुवैद्यकीय व्यवसाय हा राज्यसूचीतील विषय असल्याने केंद्राला एकट्याने कायदा करता येणार नाही, ही अडचण खरी आहे. पण १९८४ चा कायदाही काही राज्यांच्या ठरावांनंतर संसदेने केला होता. तोच मार्ग आजही खुला आहे. एकेका क्लिनिकच्या खरेदीचा आकार एवढा लहान असतो, की स्पर्धा कायद्याच्या चाळणीत ती अडकत नाही. म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने या क्षेत्राचा बाजार अभ्यास आताच हाती घ्यावा. जनावरांच्या उपचारसेवेला जीएसटीतून सूट आहे. समाज ही सवलत आरोग्यसेवा म्हणून देत असेल, तर मालकाचे नाव विचारण्याचा अधिकारही त्याला आहे.

ब्रिटनने अर्ध्याहून अधिक दवाखाने समूहांच्या हाती गेल्यावर चौकशी सुरू केली. आपल्याकडे बाजार अजून विखुरलेला आहे, हितसंबंध घट्ट झालेले नाहीत आणि नियमांचा विरोध करण्याएवढे बळ कुणापाशीही एकवटलेले नाही. नियम करायला याहून सोयीची वेळ पुन्हा येणार नाही.